बिनकाट्याचा युफोर्बिया

दि. ४ मे

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही. ओरडले की भिंगरी जागी होते आणि तुमचे चिरंजीव आतून विचारतात, भांडण कशावरून चाललंय. पत्रात निदान कुणी दचकत नाही.

मुद्द्याचं आधी लिहिते. माझी रजा जुलैअखेर संपते. एक ऑगस्टला डोळ्यांच्या दवाखान्यात हजर झाले नाही, तर नजर तपासायच्या माझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल, असं मोठ्या डॉक्टरांनी फार गोड आवाजात सांगितलं आहे. भिंगरी दीड वर्षाची झाली. चालायला लागल्यापासून बसणं म्हणजे काय ते विसरली आहे, म्हणून तर हे नाव पडलं. तिला सांभाळायला घरचं माणूस हवं. तेव्हा तुम्ही कायमच्या इकडे या, असं आमचं दोघांचं मत आहे. म्हणजे माझं मत आहे आणि त्यांनी मान हलवली.

तुम्हाला करमावं, तुमची सेवा घडावी वगैरे मी लिहिणार नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही आणि मलाही लिहिताना हसू येईल. गरज माझी आहे. मागची खोली रिकामी करून तिथे तुमचं शिवणयंत्र खिडकीशी बसेल एवढी जागा मी मोजून ठेवली आहे.

एकच अट आहे. ती काटेरी झाडं आणायची नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या बागेत गेले तेव्हा पदर अडकून मी अर्धा तास तिथेच उभी होते, ते मी विसरलेले नाही. भिंगरी तर त्यांना मिठीच मारेल.

उलट टपाली होकार पाठवावा. तुमची पाठ कशी आहे तेही कळवा, नाहीतर सगळं झाडांचंच लिहाल.

तुमची
सूनबाई


दि. ११ मे

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. गरज तुझी आहे हे सरळ लिहिलंस ते आवडलं. माझ्या मुलाने लिहिलं असतं तर आधी दोन पानं हवापाण्यावर गेली असती. पाठ बरी आहे. आता झाडांचं लिहिते.

तू बागेत दोनदा आलीस, त्यात एकदा पदर अडकला, तेव्हा ओळख राहून गेली. शिवणवर्गातल्या एका मुलीने वर्तमानपत्रात गुंडाळून एक फांदी आणून दिली होती, तिथून हे खूळ लागलं. कुंपणाशी भिंतीच्या वर डोकं काढून उभा आहे तो फौजदार. त्याच्या अंगाला शिरा आहेत आणि कडेने काटे, वर्षाला वीतभर वाढतो आणि कुणाचं ऐकत नाही. त्याच्या खाली एकाच कुंडीत एक लाल आणि एक पिवळी अशा दोघी आहेत, त्या सवती. एकीला फुलं आली की दुसरी रुसते. पलीकडे पेन्सिली, तिला पान नाही की काटा नाही, नुसत्या हिरव्या कांड्या. आणि गोटीराम, लोकरीच्या गुंड्याएवढा, गेल्या दहा वर्षांत जेमतेम बोटभर फुगला असेल. सगळे एकाच घराण्यातले, युफोर्बियाच्या. माणसं त्यांना निवडुंग म्हणतात. मी आता चुका काढणं सोडलंय.

यांना माझी गरज फारशी नाही, हेच मला आवडतं. ऊन द्यावं, मातीत वाळू आणि विटेचा चुरा घालावा, आणि पाणी देण्याचा मोह आवरावा. बोट मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी. यांना मारायचं असेल तर लाड करावेत. तुझे सासरे होते तेव्हा, मी माहेरी गेले असताना, त्यांनी प्रेमाने रोज तांब्याभर घालून तीन झाडं कुजवली होती, आणि मी परत आल्यावर वर मलाच म्हणाले, की झाडं नाजूक निघाली.

तर मी यायला तयार आहे, पण एकटी नाही. सगळी नको, चार आणते. काटे तुला खुपत असतील तर त्यावर तोड निघेल. शिवणकाम करून पोट भरलंय, टोकदार वस्तूंना मी भीत नाही.

शेजारचे घड्याळवाले भाऊ तुम्हा सर्वांची चौकशी करतात. दुकान मुलाकडे दिल्यापासून दिवसभर कुंपणावर रेलून मला वेळ सांगत असतात. भिंगरीला माझा एक पापा.

लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.
आई


दि. १९ मे

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

चार झाडांचं वाचून तुमचे चिरंजीव म्हणाले, आणू देत की बिचारीला. मी म्हटलं, मग ऑगस्टपासून तुम्ही घरी बसा. तेव्हापासून ते या विषयात नाहीत. इकडे आड तिकडे विहीर अशी त्यांची अवस्था आहे आणि ते काठावर बसून ऑफिसचे नकाशे काढत आहेत.

आई, मी काट्यांचं लिहिलं ही माझीच चूक. पदराची गंमत आठवली आणि खरी गोष्ट राहून गेली. काट्यांनी मुलगी रडेल आणि गप्प होईल. मला भीती चिकाची आहे. तुमच्या या घराण्यातल्या कोणत्याही झाडाला ओरखडा गेला की पांढरा चीक येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तो डोळ्यात गेलेली माणसं आमच्याकडे येतात. कुणी कुंपण छाटत असतं, कुणी कुंडी हलवत असतं. आधी नुसतं चुरचुरतं, म्हणून दोन हबके पाणी मारून कामाला लागतात. काही तासांनी डोळा उघडत नाही. बुबुळाची वरची कातडी सोलून निघालेली असते. वेळेवर आले तर आठ-पंधरा दिवसांत सुधारतात. जे दुकानातून कसलेतरी थेंब आणून घरी बसतात, त्यांचं मी पुढे लिहीत नाही.

भिंगरीचा हात कुंडीतून तोंडात आणि तोंडातून डोळ्यात जातो, यात एक श्वासही मध्ये नसतो. पेन्सिलीची कांडी तर ती खेळणं म्हणूनच मोडेल. मला कामावर बसून दिवसभर हेच दिसत राहील. तेव्हा चार नाही, एकही नाही. तुम्ही रागवाल हे धरून चालले आहे.

हवं तर गुलाब लावू. त्याला काटेही असतात, तुम्हाला परकं वाटायचं नाही.

लवकर लिहा. मला दिवस मोजायची सवय नाही, पण हल्ली लागली आहे.

तुमची
सूनबाई


दि. २८ मे

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुलाबाचा टोमणा पोचला. गुलाबाला रोज कुणीतरी लागतं. ते मला जमणार नाही.

आता ऐक. चिकाचं मला कुणी शिकवायला नको. इतकी वर्षं फांद्या कापते आहे. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, बाजूला पाण्याची बादली. कापलं की त्या जागेवर पाण्याचा फवारा मारायचा, चीक लगेच थांबतो. सुरी धुवायची, मोजे धुवायचे, मग हात धुवायचे. आजवर एक थेंब माझ्या अंगाला लागलेला नाही. भिंगरीलाही मी हात लावू देणार नाही, कुंड्या उंचावर राहतील. आणि काट्यांचं म्हणशील तर ते काम मी सुरू केलंसुद्धा.

सवतींपासून सुरुवात केली. भरतकामाची बारीक वाकडी कात्री घेतली आणि स्टुलावर बसून एकेक काटा मुळाशी कापत सुटले. रोज दुपारी एक फांदी. काटा गेला की तिथे टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका येतो, मी फवारते, तो सुकतो. कुंपणावरून भाऊंनी बघितलं आणि म्हणाले, अहो, साळिंदराची हजामत करताय का. मी म्हटलं, सुनेने स्थळ पसंत केलं, पण दाढी काढून या म्हणाली.

दोन फांद्या झाल्या आहेत. सवती अगदी गरीब दिसतात. मला त्यांच्याकडे बघून थोडं वाईट वाटलं, पण इलाज नाही. तुझ्या दारात मी त्यांना घेऊन उभी राहिले, की तुझं मन वळेल असा माझा हिशोब आहे. एकदा बघशील तर खरी.

भिंगरीसाठी निळा फ्रॉक शिवायला घेतला आहे, पुढे चार गुंड्या. छाती, उंची आणि बाहीचं माप धाड. ती स्थिर उभी राहत नसेल तर झोपेत घे.

बाकी सर्व क्षेम. राग मनात ठेवू नये, माया ठेवावी.
आई


दि. ६ जून

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

मापं सोबतच्या चिठ्ठीवर आहेत. झोपेतच घेतली, तरी तिने टेप ओढून घेतली आणि मुठीत धरून झोपली.

काट्यांचं वाचून मला हसावं की रडावं कळेना. आई, मी चीक म्हणते आणि तुम्ही काटे कापता, म्हणजे ज्याची मला भीती वाटते तोच थेंब तुम्ही रोज दुपारी शेकड्याने काढता आहात. कृपा करून थांबा. मन वळवायला फांदीची हजामत नको. आमच्या इमारतीला गच्ची आहे, दाराला कुलूप आहे. मी मालकांशी बोलणार आहे. किल्ली माझ्याकडे राहील आणि भिंगरी घरात झोपली असेल तेव्हाच वर जायचं. एवढं मान्य असेल तर दोन कुंड्यांचं बघू. यापुढे मात्र मी सरकणार नाही.

हे लिहिताना माझाच मला राग येतो आहे, कारण नोकरीसाठी मी एवढी खाली आले असं कुणीही म्हणेल. म्हणू देत. नजर तपासायचं काम मला आवडतं. माणसाला जे अक्षर काल दिसत नव्हतं ते आज दिसलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू ते अक्षर मीच लिहिलं आहे. घरात माझ्याकडे तसं कुणी बघत नाही, भिंगरीसुद्धा नाही. तिला मी म्हणजे पलंगासारखी, असतेच.

होकार कळवावा.

तुमची
सूनबाई


दि. २० जून

चि. सौ. सूनबाईस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. सर्दी होती.

मी विचार केला. माझं तिकडे येणं जमेल असं वाटत नाही. घर बंद ठेवणं बरं नव्हे, आणि या वयात नवी जागा मानवत नाही. तुमच्या ओळखीत एखादी चांगली बाई बघा आणि तिला ठेवा. पगारी माणूस वेळेवर येतं, वेळेवर जातं, तुलाही हक्काने बोलता येईल. गच्चीची खटपट करू नकोस. मालकांशी बोलली असशील तर राहू दे म्हणून सांग.

काटे कापणं बंद केलं आहे.

फ्रॉक पाठवत आहे. घाईत शिवला.

भिंगरीची आठवण येते.
आई


दि. २८ जून

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालाने नाही, तुमच्या मुलाच्या खिशातून येत आहे. ते दुपारच्या गाडीने निघत आहेत आणि उद्या तुम्हाला घेऊन येणार आहेत. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. आधी फोन केला होता. तुम्ही सर्दी, सर्दी म्हणत ठेवून दिलात.

फ्रॉक काल मिळाला. तुमच्या हातचा कपडा मी सहा वर्षं वापरते आहे. उलटा घातला तरी कुणाला कळू नये अशी तुमची शिवण. या फ्रॉकच्या चारही गुंड्या काजांच्या समोर येत नाहीत. खालची मुडपण घसरत गेली आहे आणि मध्ये एका ठिकाणी टीप कापड सोडून बाहेर पडली आहे. आत गळ्यापाशी रक्ताचे दोन डाग आहेत, सुई टोचल्याचे. घाईत असं होतं हे दुसऱ्या कुणाला सांगा. एक डोळा काम करेनासा झाला, की माणूस दोरा सुईच्या पुढे नेतो नाहीतर मागे. समोरच्या वस्तूचं अंतर चुकतं. आमच्याकडे अशी माणसं मी कितीतरी बघितली आहेत. पेल्याला हात घालतात आणि हवेत धरतात.

कोणता डोळा, आणि किती दिवस झाले? चीकच ना?

मी चिडले आहे, हे स्पष्ट लिहिते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते हे खरं, पण डोळा झाकून ठेवायची वस्तू नाही. माझी सासू डोळा पोळून घरी बसते, आणि मी इथे लोकांना पाटी वाचायला लावायला निघाले आहे. काल मी फ्रॉक मांडीवर घेऊन रडले. भिंगरीने येऊन माझं नाक ओढलं.

निघेपर्यंत डोळा चोळू नका. दुकानातून जे थेंब आणले असतील ते बंद करा, पण बाटली बरोबर आणा. उन्हात बाहेर पडू नका. कपड्यांची एक पिशवी पुरे. झाडांचं भाऊंना सांगा. बाईचं म्हणाल तर ती मिळाली आहे, एक ऑगस्टपासून यायचं कबूल केलंय, तेव्हा मुलीला सांभाळायला बोलावते आहे असं समजू नका. डोळा दाखवायला या.

तुमची
सूनबाई


दि. २९ जून

चि. सौ. सूनबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुला माझ्याच हातून मिळेल. तुझ्या दारात आले की आधी हे देईन, मग चपला काढीन. तोंडाने सांगायला गेले तर मी काहीतरी विनोद करीन आणि मूळ गोष्ट राहील. तुझा नवरा माझी पिशवी भरतो आहे. मी तीन पातळं सांगितली, त्याने इस्त्री शोधून काढली आहे. अक्षर वेडंवाकडं आलं तर लावून वाच.

उजवा डोळा. दहा जूनच्या दुपारी. तुझं थांबा म्हणून आलेलं पत्र त्याच दिवशी सकाळी वाचलं होतं. वाटलं, हाती घेतलेली फांदी तेवढी पुरी करावी, अर्धी हजामत बरी दिसत नाही. मोजे होते, चष्मा होता, बादली होती. उकडत होतं. घामाने चष्मा नाकावरून घसरला, तो मी मोज्याच्याच हाताने वर सरकवला आणि जाता जाता मनगटाने डोळ्याखालचा घाम पुसला. बस. जे इतक्या वर्षांत कधी केलं नाही ते केलं, आणि केलं हेही मला अर्ध्या तासाने कळलं. मग तू लिहिलं होतंस तेच सगळं. दोन हबके, दुकानातले थेंब. पत्र समोर पडलेलं होतं, तरी तेच केलं.

आता उजव्याने उजेड कळतो, माणूस आहे हे कळतं, कोण आहे हे कळत नाही. बुबुळावर पांढरं दिसतं. डोळ्यात फूल पडलं म्हणतात ते हेच असावं. बागेत एवढी फुलं असताना याची काही गरज नव्हती.

तू विचारशील, लपवलं का. तुझंच म्हणणं खरं ठरलं म्हणून नाही. तेवढा मोठेपणा माझ्यात आहे. एकाच गोष्टीची भीती वाटली. तुला घरात माणूस हवं होतं, ते मुलीमागे धावायला, तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला. दोनातला एक डोळा गेलेल्या म्हातारीच्या हवाली कोण आपलं मूल करील? मी तुझ्या जागी असते तर केलं नसतं. मग तुम्ही मला चांगुलपणाने घेऊन गेला असतात, मागच्या खोलीत ठेवलं असतं, आणि भिंगरी माझ्याकडे आली की कुणीतरी हळूच मागे येऊन उभं राहिलं असतं. ते मला सोसलं नसतं. त्यापेक्षा जागा मानवत नाही म्हणणं सोपं. तू पहिल्या पत्रात गरज माझी आहे असं लिहिलं होतंस ना, ते मी भाऊंना वाचून दाखवलं होतं. शिवणवर्ग बंद केल्यापासून माझी गरज आहे असं मला कुणी कळवलं नव्हतं.

बाई मिळाली हे चांगलं झालं. डोळा दाखवून मी परत येईन.

तुझी
आई


दि. १८ जुलै

श्रीमती वहिनींस,
स. न. वि. वि.

आपण गेल्यापासून बाग माझ्याकडे आहे, तिचा अहवाल देतो. आपण बोट घालून बघा म्हणाला होतात. मला बोटाचं कळत नाही, म्हणून मी दर तिसऱ्या दिवशी सकाळी ठीक आठला पाणी देतो. यात आजवर मिनिटाचाही फरक पडलेला नाही. तरीही फौजदार बुडाशी मऊ लागतो आणि तपकिरी झाला आहे. वरून ताठ आहे. गोटीराम आहे तसाच आहे, पण तो मेला असता तरी तसाच दिसला असता. पेन्सिलीच्या कांड्यांत कापसासारखे पांढरे किडे झाले आहेत. सवतींचे जिथे काटे कापले तिथे बारीक खपल्या धरल्या असून पिवळीला फूल आलं आहे.

आपल्या डोळ्याचं कळवावं. मी आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून काम केलं. दुसरा मिटलेलाच असे. तेव्हा एका डोळ्याने संसार होतो, हे मी अनुभवाने सांगतो. फौजदाराचं काय करावं? मला झोप नाही.

कृपादृष्टी असावी.
शेजारचा भाऊ


दि. १ ऑगस्ट

श्री. भाऊ यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळून दहा-बारा दिवस झाले. उत्तर राहिलं, कारण दिवसातून आठ वेळा थेंब आणि तेवढ्याच वेळा सुनेची बोलणी असा कार्यक्रम होता. फौजदाराची गोष्ट अशी, की त्याला घड्याळ कळत नाही. तीन महिने पाणी नसलं तरी तो मरायचा नाही, दर तिसऱ्या दिवशी आठला मरेल. आता पाणी बंद. बुडाचा मऊ भाग सोडून वर कापा, आत पूर्ण पांढरं दिसेपर्यंत कापत जा. मोजे घाला, तुमच्या दुकानातला, डोळे चारी बाजूंनी झाकणारा मोठा चष्मा घाला, आणि काही झालं तरी तोंडाला हात नेऊ नका, माशी बसली तरी बसू द्या. चीक वाहील, त्यावर पाणी मारा. मग ते धड सावलीत नुसतं टेकवून ठेवा, दोन-तीन आठवडे, जखम सुकून कडक होईपर्यंत. लगेच मातीत लावलंत तर पुन्हा कुजेल. नंतर कोरड्या वाळूत उभं करा आणि विसरून जा. कापसासारखे ते पिठ्या ढेकूण, साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसा. झोप घ्या. झाडं आपल्याला वाटतं तेवढी आपल्यावर अवलंबून नसतात.

डोळ्याचं सांगायचं तर थोडं निवळलं आहे. सुनेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चांगलं बघितलं. पाटीवरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर मला आता उजव्याने वाचता येतं, त्याखालचं नाही, आणि पुढे फारसं सुधारणार नाही असं ते म्हणाले. सुई आता डावा डोळा आणि बोटं मिळून ओवतात. फ्रॉकच्या गुंड्या उसवून पुन्हा लावल्या, या वेळी समोरासमोर आल्या.

सून मालकांकडून गच्चीची किल्ली घेऊन आली होती. दोन कुंड्या आणू म्हणाली. मीच नको म्हटलं. चिकाचं मला माहीत नव्हतं असं नाही, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या डोळ्यात असणं वेगळं. भिंगरीला हात लावू नको म्हटलेलं कळायला लागेल, तेव्हा एखादी फांदी तुमच्याकडून मागवीन. तोवर सगळी तुमची. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, ते वाटू दे. पिवळीला फूल आलं हे वाचून मी सुनेला पुन्हा पुन्हा तेवढंच वाचायला लावलं.

आता आजचं. आज तिचा कामावरचा पहिला दिवस. मुलीला सांभाळायला एक बाई ठरली आहे हे मी आले तेव्हापासून धरून होते, म्हणून मी पुढच्या आठवड्याच्या परतीच्या गाडीची चौकशीही केली होती. सकाळी मी भिंगरीचे कपडे काढून ठेवले, तिचं खाणं झाकून ठेवलं, बाईंना सगळं हाताशी सापडावं म्हणून. साडेआठला सून तयार झाली. मी म्हटलं, अजून बाई आल्या नाहीत. ती म्हणाली, मला उशीर होतोय. एरवी सून मला पाणी कसं प्यावं तेसुद्धा सांगते. आज औषध कुठे, फोन कुठे, दार कसं लावायचं, एक अक्षर बोलली नाही. भिंगरीला माझ्या कडेवर दिलं, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. मागे वळून बघितलं नाही. मी खिडकीत गेले, तर रस्त्यावरूनही बघितलं नाही.

मुलगा निघायच्या गडबडीत होता. त्याला विचारलं, बाईंचं काय झालं, त्या येतात ना. तो मोजे शोधत होता. म्हणाला, त्यांना तर तिने केव्हाच नको म्हणून कळवलं. मी विचारलं, केव्हा. तो म्हणाला, तू आलीस त्या दिवशी. दारात तू तिला ते पत्र दिलंस, ते तिने उभ्या उभ्या वाचलं आणि आत जाऊन आधी बाईंना फोन केला. तुझा डोळा त्यानंतर तपासला.

भिंगरी आता माझ्या टेबलाखाली बसून रीळ उलगडते आहे, तेव्हा इथेच थांबते. परतीच्या गाडीचं मी आता कुणाला विचारत नाही. घराच्या किल्ल्या तुमच्याकडेच असू द्या आणि आमच्यावर जीव आहे तेवढा राहू द्या.

आपली
शेजारची वहिनी